चिऱ्याची भिंत, खारा वारा आणि लिनक्स: वायफायचं कोणतं डोंगल घ्यावं?

राऊटर माजघरात, लॅपटॉप पडवीत आणि मधे हातभर जाडीची चिऱ्याची भिंत. मे महिन्यात जेमतेम तीन कांड्या दाखवणारी रेंज मिरगाचा पाऊस लागला की एकीवर येते. जांभा पाणी धरून ठेवतो आणि ओली भिंत कोरड्या भिंतीपेक्षा सिग्नल जास्त खाते. त्यात जुन्या लॅपटॉपचं आतलं कार्ड आधीच दमलेलं. मग माणूस बाजारात जाऊन यूएसबीचं डोंगल, म्हणजे बाहेरून खोचायचं छोटं वायफाय कार्ड, आणतो. विंडोजवर ते चालतं, लिनक्सवर नुसतं लुकलुकतं. वाडीतले एक काका असंच एक डोंगल डबीसकट घेऊन आले. "रे, हेच्यार लिनक्स लिवलेला आसा, मगे चलत कित्याक नाय?"

डबीवरचं खोटं नव्हतं, अर्धं होतं. आत एक छोटी सीडी होती, सीडीत ड्रायव्हरचा (यंत्र चालवणाऱ्या प्रोग्रामचा) सोर्स कोड आणि तोही कितीतरी जुन्या कर्नलसाठी, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यासाठी, लिहिलेला. काकांच्या लॅपटॉपला सीडी घालायची जागाच नाही, ही आणखी वेगळी गंमत.

लिनक्ससाठी डोंगल घेताना वरचं नाव बघून उपयोग नसतो, आतली चिप बघावी लागते. डोंगलवर नाव छापणाऱ्या कंपन्या चिप सहसा स्वतः बनवत नाहीत. ती रियलटेकची किंवा मीडियाटेकची असते, जुन्या मालात अॅथेरॉस किंवा रॅलिंकची. शिवाय एकाच मॉडेल नंबरखाली चिप बदलते. टीपी-लिंकचं टीएल-डब्ल्यूएन७२२एन हे याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण. पहिल्या आवृत्तीत अॅथेरॉसची एआर९२७१ होती, लिनक्सवर निमूट चालणारी. दुसऱ्या आवृत्तीपासून आत रियलटेकची आरटीएल८१८८ईयूएस आली. बाहेरून तोच अँटेना, तेच नाव. जुने लेख वाचून हे डोंगल मागवणारे कितीतरी लोक असेच फसले. म्हणून खरेदी करताना डबीवर बारीक अक्षरात छापलेली आवृत्ती, म्हणजे व्ही१, व्ही२, व्ही३, आधी वाचा.

आता मुख्य निवड. ड्रायव्हर कर्नलातच असलेली चिप घ्यायची, की गिटहब या संकेतस्थळावरून ड्रायव्हर उतरवून डीकेएमएस या साधनाने बसवावा लागतो ती? शहरात या दोन्हींत फार फरक पडत नाही. आमच्याकडे कोकणात पडतो. कसा, ते मला एका जुलैत कळलं.

माझ्याकडे तेव्हा रियलटेकचं दोन पट्ट्यांचं (२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ) डोंगल होतं, ड्रायव्हर बाहेरचा. डीकेएमएसचं काम असं की कर्नल बदललं की तो ड्रायव्हर नव्या कर्नलासाठी पुन्हा बांधून द्यायचा. पण नव्या कर्नलात आतली रचना बदलली असेल तर बांधणी फसते, आणि फसल्याचं रीबूट होईपर्यंत लक्षातही येत नाही. रात्री लाईट गेली, लॅपटॉप बंद पडला, सकाळी उठला तो नव्या कर्नलात. डोंगल मेलेलं. राऊटर इन्व्हर्टरवर चालू, फायबर शाबूत, आणि लॅपटॉप मात्र त्याच्यापर्यंत पोचेना. ड्रायव्हर दुरुस्त करायला इंटरनेट पाहिजे आणि इंटरनेटला ड्रायव्हर. मोबाइलचा टॉवरही बॅटरी संपून गप्प झालेला.

दोन तास डोकं खाजवल्यावर सुचलं की फोन तर घरच्या वायफायवर आहेच! तो केबलने लॅपटॉपला जोडला, यूएसबी टेदरिंग सुरू केलं. अँड्रॉइड फोन मोबाइल डेटाप्रमाणे वायफायवरचं इंटरनेटही असं पुढे देतो, आणि लिनक्सला त्यासाठी वेगळा ड्रायव्हर लागत नाही. म्हणजे फोनच डोंगल झाला. त्याहून सोपं म्हणजे लॅपटॉप सुरू होताना येणाऱ्या ग्रब मेनूतल्या प्रगत पर्यायांतून जुनं कर्नल निवडून चालू करायचं. तेही मला नंतरच आठवलं.

त्या दिवसापासून मी कर्नलाबाहेरचा ड्रायव्हर लागणारं डोंगल कुणाला सुचवत नाही. मग खालची तुलना कितीही समतोल वाटली तरी माझा कल आधीच कळू दे.

| चिप | पट्टा (गिगाहर्ट्झ) | ड्रायव्हर कर्नलात कधीपासून | थोडक्यात |
|---|---|---|---|
| एमटी७६०१यू | २.४ | ४.२ (२०१५) | स्वस्त, कामापुरतं |
| एआर९२७१ | २.४ | २.६.३५ (२०१०) | भरवशाचं, पण आता बहुधा वापरलेलंच मिळतं |
| एमटी७६१०यू, एमटी७६१२यू | २.४ आणि ५ | ४.१९ (२०१८) | मिळालं तर हेच |
| एमटी७९२१एयू | २.४, ५ आणि ६ | ५.१८ (२०२२) | उत्तम आणि महाग |
| आरटीएल८८१२बीयू, आरटीएल८८११सीयू | २.४ आणि ५ | ६.२ (२०२३) | कर्नल नवं असेल तरच |
| आरटीएल८८१२एयू, आरटीएल८८२१एयू | २.४ आणि ५ | ६.१२ नंतर | घाई नको |

पहिल्या ओळीतली चिप बाजारात वेगळ्याच नावाने भेटते. फ्री डिशच्या सेट-टॉप बॉक्सला लावायला म्हणून छोट्या अँटेनाची जी डोंगलं विकतात, त्यांच्यात बरेचदा एमटी७६०१यू किंवा रॅलिंकची आरटी५३७० असते. दोन्ही कर्नलात आहेत. लावलं की चालतं. कागदावरचा वेग १५० एमबीपीएस, हाती लागतो त्याच्या बराच खाली, आणि ५ गिगाहर्ट्झ नाही. पण वाडीतलं फायबरचं कनेक्शन ५० एमबीपीएसचं असेल आणि काम ईमेल, बँक, सातबारा उतरवणं एवढंच असेल, तर याच्यापुढे पैसे घालण्यात मला अर्थ दिसत नाही. एक उणीव मात्र आहे: एमटी७६०१यूचा कर्नलातला ड्रायव्हर हॉटस्पॉट करू देत नाही. गणपतीला घर चाकरमान्यांनी भरलं आणि खळ्यात वायफाय न्यायचं असेल तर एमटी७६१२यू घ्या, ते हे काम नीट करतं.

एमटी७६१२यूबद्दल जरा जास्त सांगतो, कारण दोन पट्ट्यांचं डोंगल हवं असणाऱ्याला माझं उत्तर तेच असतं. अल्फाचं एडब्ल्यूयूएस०३६एसीएम आणि नेटगियरचं ए६२१० या दोन्हींत ही चिप आहे. डबीवरच्या एसी१२०० या आकड्याला भुलू नका, तो २.४ च्या ३०० आणि ५ च्या ८६७ एमबीपीएसची बेरीज आहे, आणि दोन्ही पट्टे एकाच वेळी वापरात नसतात. मोठी फाइल उतरवताना हे डोंगल मधेच अडकू लागलं, यूएसबी ३ च्या पोर्टवर असं होऊ शकतं, तर एमटी७६ यूएसबी मॉड्यूलचा 'डिसेबल यूएसबी एसजी' हा पर्याय १ करून पाहा. आणि ५ गिगाहर्ट्झकडून चिऱ्याच्या घरात फार अपेक्षा ठेवू नका. दारासमोर, त्याच खोलीत छान. दोन भिंतींपलीकडे २.४ च टिकतं. मांगरात (घराबाहेरच्या खोपटात) बसून काम करायचं असेल तर वायफाय ६ चं महागडं डोंगल घेऊन काय करणार? एमटी७९२१एयू तांत्रिकदृष्ट्या सरस आहे, पण त्याची मजा राऊटर शेजारी असताना. माझ्या माहितीत ते इथे कुणीच घेतलेलं नाही, मीही नाही.

आता रियलटेक. दुकानात समोर हेच येतं, म्हणून टाळता येत नाही. इथे सगळा खेळ तुमच्या कर्नलाच्या आकड्याचा आहे. टीपी-लिंकच्या आर्चर टी३यूमध्ये आरटीएल८८१२बीयू आहे आणि आर्चर टी२यू प्लसमध्ये आरटीएल८८२१एयू. नावं सख्ख्या भावांची, नशीब वेगळं. डेबियन, उबंटू, मिंट हे लिनक्सचेच प्रकार, प्रत्येकाचं कर्नल वेगळं. डेबियन १२ चं कर्नल ६.१, म्हणजे टी३यूसाठी नेमकं एका पायरीने कमी. डेबियन १३ चं ६.१२: तिथे टी३यू लावताच उठतं, टी२यू प्लस मात्र तसंच पडून राहतं. उबंटू २४.०४ आणि त्यावर बेतलेलं मिंट २२ सुरुवातीला ६.८ वर होते, तिथेही हीच गत; उबंटू २४.०४.३ सोबत आलेल्या ६.१४ वर दोन्ही चालतात. म्हणून दुकानात जाण्याआधी टर्मिनलमध्ये 'यूनेम वजा आर' टाकून आकडा बघा. (आज्ञा उच्चाराप्रमाणे लिहितोय, टाकताना अर्थात रोमन अक्षरांत.) सुरुवातीच्या आवृत्त्यांत रियलटेकच्या कर्नलातल्या ड्रायव्हरचा वेग बेताचाच होता, पुढे सुधारत गेला, त्यामुळे कर्नल जितकं नवं तितकं बरं.

रियलटेक आधीच घरात आहे आणि परत करता येत नाही, तर बाहेरचा ड्रायव्हर बसवा, पण सिक्युअर बूट (सही नसलेला कोड सुरू होऊ न देणारं लॅपटॉपमधलं कुलूप) चालू आहे का ते आधी पाहा. चालू असेल तर स्वतः बांधलेलं मॉड्यूल, म्हणजे ड्रायव्हर, कर्नल आत घेत नाही. बसवताना उबंटू एक पासवर्ड ठरवायला सांगतं आणि रीबूटनंतर निळ्या पडद्यावर तोच पासवर्ड मागतं. घाईत तो पडदा सोडून दिला की ड्रायव्हर बसलेला दिसतो पण चालत नाही. आणि कर्नल अपडेट करण्याआधी लाईट आणि नेट दोन्ही धड असल्याची खात्री करून घ्या. पावसात तर नकोच.

डोंगल चालत नसेल तर मी शोध कुठून सुरू करतो? आधी 'एलएसयूएसबी', म्हणजे जोडलेल्या यूएसबी यंत्रांची यादी. यादीत डोंगल दिसतच नसेल तर दोष पोर्टचा किंवा खुद्द डोंगलचा, ड्रायव्हरकडे बघूच नका. दिसत असेल तर आयडीचा पहिला भाग बघा: ०बीडीए म्हणजे रियलटेक, ०ई८डी म्हणजे मीडियाटेक, २३५७ म्हणजे टीपी-लिंक. पूर्ण आयडी शोधली की चिप कळते. काही रियलटेक डोंगलं ०बीडीए:१ए२बी अशी आयडी दाखवतात आणि फाइल मॅनेजरमध्ये सीडीसारखी उमटतात. त्यांच्यात विंडोजचा ड्रायव्हर साठवलेला असतो आणि ती स्वतःला सीडी समजून बसलेली असतात. ती सीडी 'इजेक्ट' करा किंवा 'यूएसबी मोडस्विच' वापरा, लगेच वायफायच्या रूपात येतात. काकांच्या डोंगलचा अर्धा रोग हाच निघाला.

मग 'डीमेसेज', म्हणजे कर्नलाचे संदेश. त्यात फर्मवेअर (चिपच्या आत चालणारा प्रोग्राम) लोड होत नसल्याची आणि वजा २ अशी चूक दिसली तर फाइलच नाही असा अर्थ. लिनक्स फर्मवेअरचं पॅकेज बसवा. डेबियनमध्ये १२ पासून हे फर्मवेअर इन्स्टॉलरसोबतच येतं, आधीच्या आवृत्त्यांत वेगळं आणावं लागे. डोंगल पुन्हा पुन्हा तुटून जोडलं जात असेल तर वीज कमी पडतेय का पाहा: यूएसबी २ चं पोर्ट ५०० मिलिअँपिअरच देतं, आणि मोठ्या अँटेनाच्या ताकदवान डोंगलांना ते पुरत नाही. वायफाय बंद करून ठेवलंय का हे सांगणारं 'आरएफकिल लिस्ट' लोक शेवटी बघतात, खरं तर आधी बघावं. लॅपटॉपचं विमान-मोडचं बटण चुकून दाबलं गेल्याचे प्रकार मी मोजायचे सोडून दिलेत.

जोडणी होते पण रखडते, याची कारणं बहुधा दोन. एक वीजबचत: जोडण्या सांभाळणाऱ्या नेटवर्कमॅनेजरच्या कॉन्फ-डी फोल्डरात एक छोटी फाइल करून कनेक्शन विभागाखाली 'वायफाय.पॉवरसेव्ह = २' लिहा, की ती बंद होते. ३ लिहिलंत तर चालू होईल, उलट समजू नका. दुसरं कारण शेजारी खोचलेली यूएसबी ३ ची हार्ड डिस्क. यूएसबी ३ चा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पसरतो. इंटेलने २०१२ मध्येच हे मोजून दाखवलं होतं. शेजारच्या फोनला दिसणारा राऊटर तुम्हाला दिसत नसेल, तर तो १२ किंवा १३ नंबरच्या चॅनलवर आहे का पाहा, आणि तुमच्या यंत्राचा देश अमेरिका ठरलाय का तेही. 'आयडब्ल्यू रेग सेट आयएन' देऊन देश भारत केला की प्रश्न बहुधा मिटतो.

महागडं डोंगल घेण्याआधी तीन मीटरची यूएसबी एक्स्टेंशन केबल घेऊन बघा. डोंगल लॅपटॉपच्या बुडाशी न राहता दाराच्या चौकटीत टांगता येतं, चिऱ्याची भिंत निम्मी टळते आणि हार्ड डिस्कचा गोंगाटही. यूएसबी २ ची साधी केबल पाच मीटरपर्यंत चालते, त्यापुढे नको.

राहिला खारा वारा. समुद्राजवळ डोंगलच्या धातूवर वर्षभरात हिरवट पूट चढतं आणि मग ते एलएसयूएसबीमध्येसुद्धा कधी दिसतं, कधी नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा फिरवा, पूर्ण सुकू द्या. वापरात नसेल तेव्हा झाकणाच्या डबीत सिलिका जेलच्या पुडीसोबत ठेवा.

काकांना शेवटी सेट-टॉप बॉक्सवालंच डोंगल दिलं. ते पडवीच्या खिडकीच्या गजाला सुतळीने बांधलेलं आहे, केबल आत टेबलापर्यंत. डबीतलं दोन पट्ट्यांचं त्यांनी मुंबईच्या पुतण्याला देऊन टाकलं. त्याचं घर वन बीएचके आहे आणि त्याच्याकडे विंडोज आहे.