मेशटॅस्टिक की मेशकोअर? पासवर्डाच्या घोळावरून ठरवायचं झालं तर

मेशटॅस्टिक आणि मेशकोअर ही लोराच्या, म्हणजे सिम आणि इंटरनेटशिवाय लांबवर छोटे निरोप पोहोचवणाऱ्या रेडिओच्या जाळ्यासाठीची दोन सॉफ्टवेअर. सोलापुरात असं जाळं उभं करताना रेंजचा प्रश्न तसा लवकर सुटतो. जमीन बऱ्यापैकी सपाट आहे. उंच गच्चीवर, टाकीच्या वर अँटेना गेली की काम होतं. खरा वेळ खातात ते न जुळणारे पासवर्ड आणि कीज (निरोप कुलूपबंद करणारे आणि उघडणारे कोड). म्हणून या दोघांतली निवड मी तरी त्याच अंगाने केली.

मेशटॅस्टिकमध्ये पहिली ठेच चॅनलच्या नावाला लागते. की हुबेहूब सारखी, पण एकाने नावाचं पहिलं अक्षर कॅपिटल घेतलं आणि दुसऱ्याने स्मॉल, की निरोप दिसतच नाहीत. चॅनलची ओळख नाव आणि की या दोन्हींतून मिळून बनते. त्यात प्रायमरी (पहिलं, मुख्य) चॅनल असेल आणि स्लॉट, म्हणजे पट्ट्यातली नेमकी जागा, हाताने ठरवलेला नसेल, तर फ्रिक्वेन्सीही नावावरूनच निघते. मेशटॅस्टिकच्या भारतासाठीच्या ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात लाँगफास्ट या नेहमीच्या सेटिंगचे ८ स्लॉट बसतात, म्हणजे नाव चुकलं तर दोघं वेगवेगळ्या जागी जाऊन बसण्याचीच शक्यता जास्त. देवनागरीत ‘सोलापूर’ लिहायला जाल तर तेही बसत नाही: नावाला जेमतेम ११ बाइट मिळतात आणि देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइट घेतं. नाव टाइप करण्यापेक्षा क्यूआर कोडच पाठवा.

मेशकोअर इथे सरळ सरस आहे. खासगी चॅनलला तुम्ही काहीही नाव द्या, की जुळली म्हणजे झालं.

नोड (जाळ्यातलं एकेक रेडिओ यंत्र) पुसून पुन्हा फ्लॅश केला, म्हणजे त्यात सॉफ्टवेअर नव्याने भरलं, की दोन्हीकडे त्रास होतो. मेशटॅस्टिकमध्ये २०२४ च्या २.५ आवृत्तीपासून वैयक्तिक निरोपांना प्रत्येक नोडची स्वतःची की असते. ती बदलली की समोरच्याच्या यादीत तुमच्या नावापुढे लाल किल्ली दिसते, आणि त्याने तुमचा नोड काढून पुन्हा ओळख करून घेईपर्यंत निरोप अडकतात. पुसण्याआधी सिक्युरिटी सेटिंगमधली प्रायव्हेट की उतरवून ठेवली आणि नंतर परत भरली तर हा प्रश्नच येत नाही. मेशकोअरमध्ये तुम्ही थेट नवा संपर्क म्हणून उगवता. भांडण नाही, पण जुना संपर्कही यादीत तसाच राहतो आणि लोक त्यालाच निरोप धाडत बसतात.

माझं मत फिरलं ते मात्र मेशकोअरच्या रिपीटरमुळे, म्हणजे निरोप पुढे ढकलणाऱ्या नोडमुळे. त्याला ॲडमिन पासवर्ड असतो, आणि पासवर्ड चुकला तर रिपीटर काहीच उत्तर देत नाही. ॲप वाट बघतं आणि शेवटी लॉगिन झालं नाही एवढंच सांगतं. पासवर्ड चुकीचा आहे की निरोप पोहोचलाच नाही, हे कळायला मार्ग नाही. रिपीटरची ॲडव्हर्ट (‘मी इथे आहे’ ही त्याची घोषणा) ऐकू येते, पण त्यावरून आपलं त्याला ऐकू जातंय हे सिद्ध होत नाही. आमच्या गटात कोणीतरी पासवर्ड बदलला आणि सांगायचं राहिलं. आम्ही विजापूर रोडवरच्या एका गच्चीवर अँटेना बदलली, ती हातभर वर घेतली, कनेक्टर पुन्हा आवळले. शेवटी भर उन्हात तापलेल्या पत्र्यावर लॅपटॉप ठेवून यूएसबी केबलने नवा पासवर्ड घातला आणि पहिल्याच फटक्यात लॉगिन झालं. रेंजला काही झालेलंच नव्हतं.

मेशटॅस्टिकमध्ये लांबून नोड सांभाळायला पासवर्ड लागत नाही; तीन जणांपर्यंतच्या पब्लिक की (प्रायव्हेट कीची जोडीदार, जी इतरांना द्यायचीच असते) ॲडमिन म्हणून भरता येतात. त्यामुळे ‘बदलला, पण कळवायचं राहिलं’ ही भानगडच उरत नाही.

अर्थात गरज कोणती यावरही आहे. जानेवारीत सिद्धेश्वर यात्रेच्या गर्दीत फोन लागेनासे होतात, तेव्हा मेशकोअरचा रूम सर्व्हर मागचे निरोप धरून ठेवतो आणि उशिरा आलेल्याला देतो. ही सोय मोठी आहे आणि मोठ्या गटाला कदाचित तेच बरं पडेल. चार-पाच ओळखीच्या घरांचं जाळं असेल तर मी मेशटॅस्टिक घेईन.

मेशकोअरच घेणार असाल तर रिपीटर वर चढवण्याआधी, केबल लावलेली असतानाच ॲडमिन पासवर्ड बदला (मुळात तो इंग्रजी ‘पासवर्ड’ हा शब्दच असतो) आणि दोन वेगळ्या फोनवरून लॉगिन करून बघा.