टायर मडगार्डला घासतो म्हणून ‘पुढचं सस्पेन्शन मॉडिफाय’ करायला गेलो

३४,५०० रुपये मोजून मी माझ्याच गाडीचे जुने शॉकप रंगवून घेतले. आधी ज्याने ऐकलंय तो कोल्हापूरचा प्रत्येक मित्र हसलाय, तुम्हीही हसा. पण मोठे टायर टाकून बसला असाल आणि टायर घासतोय म्हणून कुठल्या गॅरेजात चौकशी चालू असेल, तर शेवटपर्यंत वाचा. गॅरेजचं नाव लिहीत नाही, तक्रार अजून मिटलेली नाही.

गाडी साधी हॅचबॅक. कंपनीचा टायर १८५/६५ आर १५, म्हणजे १८५ मिलिमीटर रुंद. दिवाळीला हौस आली आणि हायवेलगतच्या एका चकचकीत दुकानातून सात इंच रुंदीची मॅगव्हील्स आणि २०५/६५ आर १५ टायर बसवून घेतले. गाडी दिसायला झकास! तिसऱ्या दिवशी सोसायटीच्या गेटात पूर्ण स्टिअरिंग कापलं आणि पुढून ‘खर्रर्र’. मग आई-बाबा मागे बसले की प्रत्येक खड्ड्यात तोच आवाज. मडगार्डच्या आतलं काळं प्लास्टिक घासून त्याचा भुगा टायरच्या खाचांत अडकायला लागला.

परत त्याच दुकानात गेलो. ही माझी पहिली चूक, कारण ज्याने दुखणं दिलं त्यालाच औषध विचारलं. मालकाने वाकून बघितलं, मडगार्ड आणि टायरच्या फटीत करंगळी घातली आणि म्हणाला, “दादा, टायर परफेक्ट आहे. तुमच्या गाडीचं पुढचं सस्पेन्शनच कंपनीने कंजूषपणा करून दिलंय. स्ट्रट बदलू. ॲडजस्टेबल, बाहेरचा माल. वर कॅम्बर प्लेट टाकू. चाक वरून जरा आत झुकेल, मडगार्ड मोकळा.”

त्याने सांगितलं ते तांत्रिकदृष्ट्या खोटं नव्हतं, आणि मी तिथेच फसलो. बहुतेक हॅचबॅकला पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो, म्हणजे शॉकप आणि स्प्रिंग मिळून एकच खांब. वर तो बॉडीच्या माउंटला धरलेला, खाली दोन बोल्टांनी नकलला, म्हणजे चाकाचा हब धरणाऱ्या लोखंडी भागाला. चाक वरच्या बाजूने आत झुकवलं, म्हणजे निगेटिव्ह कॅम्बर दिला, तर टायरचा माथा मडगार्डपासून लांब जातो. दीड अंश झुकवलं तर माथ्याला आठ-दहा मिलिमीटर मिळतात. खालच्या दोनपैकी एक बोल्ट काढून त्या जागी एक्सेंट्रिक कॅम्बर बोल्ट (फिरवला की चाकाचा कल बदलतो असा) टाकला तरी काम होतं, पण मग टायर आतल्या बाजूने स्ट्रटच्या जवळ सरकतो. वर कॅम्बर प्लेट टाकली की स्ट्रट आणि चाक दोन्ही एकत्र झुकतात, आतली फट तशीच राहते. हे सगळं मी आदल्या रात्री वाचून गेलो होतो. त्यामुळे तो बोलत होता आणि मी शहाण्यासारखी मान डोलवत होतो. अर्धवट वाचून गेलेलं गिऱ्हाईक त्याला सगळ्यात सोपं जात असणार.

दहा हजार रोख ॲडव्हान्स, बाकीचे यूपीआयने. बिल मागितलं तर “कशाला जीएसटीचा भुर्दंड घेता, गॅरंटी माझी आहे की.” दोन दिवस गाडी ठेवून घेतली. मी तिथे थांबतो म्हटलं तर आत उभं राहायला परवानगी नाही, म्हणे इन्शुरन्सचा नियम आहे. दुसऱ्या दिवशी दुपारी दीडला व्हॉट्सॲपवर फोटो आला: गाडी जॅकवर, चाकं काढलेली, शेजारी एक लालभडक स्ट्रटचा खोका. खोका बंद.

त्याच संध्याकाळी गाडी मिळाली. तो आणि मी, दोघंच, रिकाम्या गाडीत चक्कर मारून आलो. आवाज नाही. अलाइनमेंटचा कागदही हातात दिला, सगळे आकडे हिरवे. मी खूश. घरी येताना पेढे घेतले, तेही लिहून टाकतो.

दोनेक महिन्यांत गाडी उजवीकडे ओढायला लागली. मला वाटलं रस्त्याचा उतार. सासुरवाडी सावंतवाडीची, आंबोली घाट उतरताना डावीकडून ‘टक्, टक्’ यायला लागलं. खाली सावंतवाडीत एका टायरवाल्या मामांकडे थांबलो. त्यांनी काहीच न विचारता स्टिअरिंग पूर्ण उजवीकडे कापायला सांगितलं, डाव्या टायरच्या आतल्या कडेवरून तळवा फिरवला आणि झटकन मागे घेतला. बोटाच्या पेरावर रक्ताचा बारीक ठिपका. “तार बाहेर आलीय साहेब. बायका-पोरांना घेऊन याच्यावर घाट उतरलात?” बाहेरून बघाल तर टायर नवाकोरा. एकूण धावलेला २,६०० किलोमीटर. बायको गाडीतून उतरून माझ्याकडे नुसती बघत राहिली, काही बोलली असती तर बरं झालं असतं.

स्टेपनी लावून, हळूहळू कोल्हापूरला येऊन आमच्या जुन्या मिस्त्रींकडे गाडी वर घेतली. त्यांनी स्ट्रटवर किल्लीचं टोक ओढलं. वरचा काळा रंग पापुद्र्यासारखा निघाला आणि खाली कंपनीच्या स्टिकरची कड दिसली. शॉकप तेच, माझेच, फक्त डस्ट कव्हर नवं. कॅम्बर प्लेटचा पत्ता नाही, वरचं माउंट मूळचंच. स्प्रिंगच्या वेढ्यांत रबराचे बफर कोंबून गाडी तात्पुरती उचललेली, म्हणून रिकाम्या चकरेत आवाज आला नव्हता. आणि खाली स्ट्रटच्या ब्रॅकेटचं वरचं भोक ग्राइंडरने लांबट करून तोच जुना बोल्ट आवळलेला. एक्सेंट्रिक नाही, की वॉशर वेल्ड केलेला नाही. बोल्ट फक्त आवळण्याच्या जोरावर धरलेला, त्यामुळे रस्त्याच्या कडेच्या खड्ड्यांत डावं चाक आदळत गेलं तसा तो सरकत गेला. मशीनवर बघितलं तर डावीकडे कॅम्बर उणे २.८ अंश, उजवीकडे उणे १.१. कॅम्बर हलला की टो, म्हणजे चाकाचं तोंड सरळ पुढे असणं, बिघडतोच, तोही बाहेर गेलेला. मडगार्डची आतली पत्र्याची कड हातोड्याने दुमडली होती, तिथे रंग तडकून गंज धरला होता.

मग तो हिरव्या आकड्यांचा कागद काढला. त्यावर ‘आधी’चा रकानाच नव्हता, फक्त ‘नंतर’चा. तारीख गाडी मिळाली त्याच दिवसाची, वेळ दुपारी १:१०. आणि १:३० च्या फोटोत माझी गाडी बिनचाकाची. कागद कुणाच्या गाडीचा होता देव जाणे.

पण खरी गंमत पुढे आहे. मिस्त्रींनी मॅगव्हील उलटं करून आतल्या बाजूचा शिक्का दाखवला: ईटी २५. माझ्या कंपनीच्या चाकावर ईटी ४५. हा ऑफसेट. रिमच्या मध्यापासून हबवर टेकणारा भाग किती बाहेरच्या अंगाला आहे ते मिलिमीटरमध्ये. आकडा जितका कमी, तितकं चाक गाडीबाहेर. माझं चाक सरळ २० मिलिमीटर बाहेर गेलं होतं. वर टायर २० मिलिमीटरने रुंद, त्यातला निम्मा बाहेरच्या बाजूला. म्हणजे टायरची कड ३० मिलिमीटर बाहेर. शिवाय टायरचा व्यास ६२१ वरून ६४७ झालेला, म्हणजे वरूनही १३ मिलिमीटर फट गेली. सस्पेन्शनचा काडीचाही दोष नव्हता. “चाळीसच्या आसपासचं रिम आणि १९५ चा टायर घेतला असता तर पाना हातात धरायला लागला नसता,” मिस्त्री म्हणाले. ते चहा पीत होते. मी नव्हतो.

दुकानात गेलो तर मालकाचा आवाज बदललेला. “करा की तक्रार. आरसीत नसलेलं मॉडिफिकेशन तुम्हीच करून घेतलंय, दंड तुम्हालाच.” कायदा त्याला माझ्यापेक्षा चांगला माहीत होता. मोटार वाहन कायद्याच्या १८२-अ कलमात बेकायदा बदल करून घेणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, असं खरंच आहे. मी पंधरा दिवस गप्प बसलो. मग ओळखीच्या वकीलताईंनी विचारलं, “स्ट्रटचे पैसे घेतले, स्ट्रट दिला का?” नाही. “मग तेच लिहा. जे दिलंच नाही त्याचे पैसे.”

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन केला, तक्रार क्रमांक मिळाला. बिल नव्हतं, पण यूपीआयची नोंद, त्या खोक्याचा फोटो आणि “स्ट्रट + प्लेट, टोटल ३४५००” हा त्याचाच मेसेज होता. दहा दिवसांत १५,००० खात्यात आले. हेल्पलाइन मध्यस्थी करते, हुकूम देत नाही. म्हणून बाकीच्यासाठी आता जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, आणि मुदत दोन वर्षांची आहे. ग्राइंडर लागलेले शॉकप मी पोत्यात भरून ठेवलेत. तुम्हीही कुठलं काम केलंत तर काढलेला जुना माल मागून घ्या. ‘भंगारात गेला’ म्हणाला तर तो तुमच्याच गाडीत असण्याची शक्यता जास्त. आणि चक्कर मारताना मागे तीन माणसं बसवा, दोन्हीकडे पूर्ण स्टिअरिंग कापा, एखादा स्पीडब्रेकर जरा जोरात घ्या.

नवे शॉकप, दोन टायर, प्लास्टिक, मडगार्डचा रंग, असे १९,८०० गेले. गाडी आता कंपनीच्या चाकांवर आहे. ती चार मॅगव्हील्स गॅलरीत रचून ठेवलीत, आईने त्यावर तुळशीची कुंडी ठेवलीय. मागच्या आठवड्यात जाहिरात टाकली तेव्हा इचलकरंजीहून एक पोरगा आला, किंमतही पटली. “घासत नाहीत ना भावा?” म्हणाला. मी त्याला बसवून हे सगळं सांगितलं, शिक्का दाखवला. त्याने मोबाइलमध्ये ईटीचा फोटो काढला, चहा घेतला आणि गेला. परत फोन आलेला नाही.