घरातली पटिंग मॅट: दिशेसाठी उत्तम, अंतरासाठी घातक

गोल्फमध्ये ‘पट’ म्हणजे बॉल जमिनीवरून होलकडे लोटणारा हलका फटका, आणि घरी त्याचा सराव करायची ती पटिंग मॅट. तीन मीटरची पट्टी, शेवटी चढण, चढणीवर होल आणि बॉल पायाशी परत आणणारी पन्हळ. नाव कुठलंही असो, बहुतेक पटिंग मॅटचा ढाचा हाच. ही मॅट एकाच कामासाठी घ्यावी: पटरवरून (पट मारायच्या काठीवरून) बॉल ज्या दिशेला सुटतो ती दिशा पक्की करण्यासाठी. अंतराचा अंदाज तिच्यावर शिकायला गेलात तर हात बिघडतो.

दोष चढणीचा. होल 5 सेंमी उंचावर असेल, तर तिथवर चढायला लागणारी जास्तीची गती स्टिंप 10 च्या (स्टिंप म्हणजे ग्रीन किती वेगवान आहे याचं माप) सपाट ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर, बॉलला होलच्या साधारण 60 सेंमी पुढे नेते. मॅटवर जेमतेम आत पडणारा बॉल ग्रीनवर होल चुकला, तर दोन फूट पुढे जाऊन थांबणार. दीड मीटरच्या पटला हे चालतं. उतारावर मात्र परतीचा पट भलताच लांब होतो. शिवाय चुकलेलाही बॉल पन्हळीतून परत येतो, त्यामुळे चुकांचा हिशोब राहत नाही. काही मॅटना सपाट टोकाला पांढरा ठिपका असतो. उलटं उभं राहून बॉल त्या ठिपक्यावर थांबवा, म्हणजे निदान वेगाची सवय मोडणार नाही.

दिशेच्या बाबतीत मात्र मॅटला तोड नाही. होलची रुंदी 108 मिमी. तीन मीटरवरून बॉल मधल्या रेषेपासून एक अंश सरकला की थेट काठावर जातो. हाच एक अंश जवळून तपासता येतो: बॉलच्या 50 सेंमी पुढे दोन काड्यापेट्या उभ्या करा, मधे 60 मिमी जागा सोडा. बॉल 42.67 मिमीचा, म्हणजे दोन्ही बाजूंना नऊ मिमीही उरत नाहीत. सलग दहा बॉल पेट्या न पाडता गेले पाहिजेत. उजव्या हाताने खेळणाऱ्याची उजवीच पेटी वारंवार पडत असेल तर फटक्याच्या क्षणी पटरचा फेस (बॉलला लागणारी बाजू) उघडा, म्हणजे उजवीकडे वळलेला आहे. कधी ही, कधी ती पडत असेल तर आधी निशाणा तपासा, हात नंतर. मॅटवर छापलेली रेघ पहिल्या दहा बॉलपुरतीच वापरा. ग्रीनवर रेघ नसते.

आता मॅटच्या कुरबुरी. गुंडाळून आलेली मॅट टोकांना वळलेली असते. उलट्या बाजूने गुंडाळून रात्रभर ठेवा, मग पसरून टोकांवर जाड पुस्तकं ठेवा. इस्त्री फिरवू नका, खालचं रबर मऊ पडतं. हात फिरवला की एका दिशेने पृष्ठभाग गडद दिसतो: तिकडे बॉल हळू जातो, उलट दिशेने झपझप. फरशीला किंचित उतार असला तर बॉल रोज एकाच बाजूला वळतो आणि आपण नकळत निशाणा हलवून बसतो. म्हणून आधी गवंड्याची लेव्हल आडवी लावून बघाच. अरुंद मॅटवर बॉल मॅटवर आणि पाय फरशीवर असतात. त्यात अनवाणी उभं राहिलं की हात आणखी खाली येतात आणि पटरची टाच (डोक्याची आपल्याकडची बाजू) घासते. बूट घालूनच सराव करा, घरचे हसले तरी.

घ्यावी की नाही? पाच राउंडच्या स्कोअरकार्डांवर दोन खुणा करा: दोन मीटरच्या आतून चुकलेले पट एकीकडे, आठ मीटरच्या बाहेरून झालेले थ्री-पट (बॉल होलमध्ये जायला तीन पट लागले ते) दुसरीकडे. पहिला आकडा मोठा असेल तर मॅट पैसे वसूल करून देईल. दुसरा मोठा असेल तर पैसे वाचवा आणि प्रॅक्टिस ग्रीनवर 6, 9 आणि 12 मीटरवरून प्रत्येकी पाच बॉल मारा. होलच्या अलीकडे थांबलेला किंवा मीटरभराहून पुढे गेलेला बॉल मोजायचा नाही.