चढाला मिस मारणारी जुनी गाडी: सर्व्हिस सेंटर, ओळखीचं गॅरेज की स्वतःचा डोंगल?

जुनी पेट्रोल गाडी, त्यात सीएनजी किट, आणि सपाटीला गुमान चालणारं इंजिन चढ लागला की झटके देतं. प्लग बदलून झाले, एअर फिल्टर झाला, इंधन भरायचा पंपही बदलून बघितला, तरी मिसिंग, म्हणजे मधूनच एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन न पेटणं, जात नाही. इथवर आलेल्यासाठी हे लिहितोय. साताऱ्यात त्याच्यापुढे तीन वाटा असतात: कंपनीचं सर्व्हिस सेंटर, स्कॅनर असलेलं ओळखीचं गॅरेज, किंवा हजाराच्या आतबाहेरचा, गाडीतले फॉल्ट कोड फोनवर दाखवणारा ब्लूटूथ डोंगल घेऊन स्वतःच शोधाशोध. मी तिन्हीकडून गेलोय.

त्याआधी एक विचारून घेतो. नुकतंच वॉशिंग सेंटरवर इंजिनावर प्रेशरचं पाणी मारून घेतलंय का? प्लगच्या खड्ड्यात पाणी साचलं असेल तर कॉइल (प्लगला ठिणगीची वीज देणारा भाग) काढून हवा मारून घ्या. पुढचं वाचायची गरजही पडणार नाही कदाचित.

सर्व्हिस सेंटरबद्दल उगाच वाईट बोलणार नाही. कंपनीचा स्वतःचा स्कॅनर बाहेरच्या स्कॅनरपेक्षा खोलात जातो, पार्ट अस्सल मिळतो, बिल पक्कं असतं. इमोबिलायझर (चोरी रोखणारं किल्लीचं लॉक) किंवा ईसीएमचं (इंजिनाच्या संगणकाचं) काम असेल तर तिथेच जावं. पण कधी येणारं, कधी जाणारं मिसिंग त्यांच्या रोजच्या पद्धतीत बसत नाही. गाडी सकाळी द्यायची, संध्याकाळी फोन येतो. मधल्या वेळात ती कोणी आणि कुठे चालवली, हे आपल्याला कळत नाही. माझी गाडी हायवेच्या सर्व्हिस रोडवर एक चक्कर मारून आणली होती. तिथे ती मिस मारणारच नव्हती. चढावर ॲक्सिलरेटर दाबला की सिलिंडरमधला दाब वाढतो, आणि त्या दाबात ठिणगी पाडायला कॉइलला जास्त व्होल्टेज द्यावं लागतं. इन्सुलेशन गेलेली कॉइल तापल्यावर नेमकी तेव्हाच मान टाकते. ठिणगी प्लगच्या टोकाला पडायची सोडून बाजूनेच इंजिनाच्या धातूत निघून जाते. सीएनजीवर तर जास्तच, कारण तो वायू पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं.

तेवढं मी चालवून घेतलं असतं. माझं मन उठलं ते दुसऱ्याच गोष्टीमुळे. गाडी परत मिळाली तेव्हा चेक लाइट गेलेला, कागदावर ‘फॉल्ट नाही’, आणि कोड, म्हणजे संगणकाने नोंदवलेला बिघाडाचा नंबर, पुसून टाकलेला. कोड पुसला की त्याच्यासोबत फ्रीझ फ्रेमही जाते, म्हणजे बिघाड झाला त्या क्षणी आरपीएम किती होता, इंजिनावर लोड किती, कूलंट किती तापलेलं, गाडीचा वेग काय, याची नोंद. पुण्याहून येताना खंबाटकी चढताना लाइट लागला होता. तेवढा एकच पुरावा हातात होता. तो कुठे लिहूनही ठेवला नव्हता. काउंटरवर विचारलं, तर ‘सर, सिस्टिममध्ये आता काही दाखवत नाही’ असं अगदी अदबीने सांगितलं. पुसल्यावर दाखवणार काय? वर खर्चाचा अंदाज: चारही कॉइल, इंजेक्टर क्लीनिंग, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग. एवढं सगळं केल्यावर गाडी बरी झालीही असती, पण दोष कशात होता ते मला कधीच कळलं नसतं.

गॅरेजच्या मिस्त्रींनी बॉनेट उघडायच्या आधीच सांगितलं, ‘हितं उभी करून काय बोलायची न्हाय ती. चला यवतेश्वरच्या चढाला.’ मी चालवत होतो, ते शेजारी मांडीवर स्कॅनर घेऊन. तिसऱ्या गिअरमध्ये दाबून चढवली, वळणानंतर झटके सुरू झाले आणि चेक लाइट लुकलुकायला लागला. (असा लुकलुकला की लगेच पाय सैल सोडा. न जळालेलं इंधन कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं, आणि तो खर्च कॉइलच्या कितीतरी पट आहे.) कोड आला पी०३०२, म्हणजे दोन नंबर सिलिंडर मिस. मिस्त्रींनी आधी फोनवर स्क्रीनचा फोटो काढला, मग इंजिन निवल्यावर दोन नंबरची कॉइल तीनवर आणि तीनची दोनवर टाकली. पुन्हा तोच चढ. या वेळी पी०३०३, म्हणजे तीन नंबर. कोड कॉइलच्या मागोमाग गेला, म्हणजे विषय संपला. एक कॉइल बदलली.

कोड दोनवरच राहिला असता तर प्लगची अदलाबदल, मग इंजेक्टर, मग कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये दाब नीट धरतो का ते). किटवाल्या गाडीत आणखी एक सोय असते. फक्त पेट्रोलवर मिस मारत असेल तर पेट्रोलचा इंजेक्टर बघा. दोन्हीवर मारत असेल तर ठिणगी किंवा कॉम्प्रेशन. फक्त सीएनजीवर मारत असेल तर लगेच किटवाल्याला धरू नका, कमजोर कॉइलसुद्धा आधी तिथेच उघडी पडते. आणि झटके सपाटीला, गाडी उभी असतानाही येत असतील तर टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारा भाग, त्याला थोडी गॅप लागते) तपासून घ्या. सीएनजीवर व्हॉल्व्ह सीट झिजते, टॅपेटची गॅप कमी होते आणि गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही. ढिला टॅपेट वाजतो, आवळलेला गप्प असतो, म्हणून तो लक्षात येत नाही.

गॅरेजची दुखणी मला माहीत आहेत. ‘उद्या या’ हे ठरलेलं. स्कॅनर मल्टिब्रँड असतो, काही गाड्यांत सगळं उघडत नाही. डुप्लिकेट कॉइल बसायची भीतीही खरी; मी कॉइल स्वतः सीलबंद आणून दिली, त्यांनी वाईट वाटून घेतलं नाही.

डोंगलचं म्हणाल तर घ्यायला हरकत नाही, पण त्याच्या जिवावर निदान करायला जाऊ नका. आपल्याकडे बीएस-४ (प्रदूषणाचं मानक) गाड्यांना ओबीडी-२, म्हणजे बिघाड ओळखून कोड नोंदवणारी यंत्रणा, एप्रिल २०१३ पासून आली. त्याआधीच्या गाडीत मिसफायरचा कोड मिळेलच असं नाही, आणि स्वस्तातले डोंगल काही जुन्या गाड्यांशी जुळतच नाहीत. शिवाय पी०३०२ म्हणजे ‘कॉइल खराब’ नव्हे. क्रँकची गती क्षणभर मंदावली यावरून दोन नंबर पेटला नाही, एवढंच संगणक ताडतो. का पेटला नाही ते अदलाबदल करूनच शोधावं लागतं. एकट्याने घाट चढवत फोनकडे बघणं तर धोक्याचंच. माझा डोंगल डॅशबोर्डच्या कप्प्यात असतो. लाइट लागला की गाडी बाजूला घेऊन कोड आणि फ्रीझ फ्रेमचे फोटो काढायचे, इतकंच त्याचं काम.

गाडी वॉरंटीत असेल किंवा हाताशी खात्रीचा मिस्त्री नसेल तर सर्व्हिस सेंटरला जरूर जा; सगळीकडे माझ्यासारखाच अनुभव येईल असं नाही. फक्त जॉब कार्डावर दोन ओळी लिहून घ्या: चढावर, इंजिन गरम असताना, माझ्यासमोर ट्रायल घ्यावी, आणि मला दाखवल्याशिवाय कोड पुसू नये. पहिल्या ओळीला ‘एवढा वेळ नसतो सर’ असं उत्तर आलं, तर किल्ली परत घेऊन गॅरेज गाठा.