अॅक्रिलिक-सनबोर्ड कापायची टूल्स : ८ महिन्यांनी काय हातात राहिलं

साइनबोर्डचं छोटं दुकान आहे माझं, गाळ्यात लेझर किंवा सीएनसीसारखी संगणकावर चालणारी कटिंग मशीन ठेवायला जागाच नाही, त्यामुळे बरंचसं कटिंग हातानेच. दिवाळीनंतर टूल्स घेतली, ८ महिने रोज वापरतोय, आणि घेताना मला हे कोणी सांगितलं नव्हतं म्हणून लिहितोय.

सगळ्यात स्वस्त टूलवरच माझा सगळ्यात जास्त जीव आहे. अॅक्रिलिकचा हूक कटर, वाकड्या नखासारखं पातं असतं तो. ३ एमएमच्या शीटवर स्टीलची पट्टी दाबून धरायची, एकाच रेषेवर ८-१० वेळा ओढायचं, जाडीच्या साधारण तिसऱ्या भागापर्यंत खाच गेली की टेबलाच्या कडेला रेष लावून खाली दाबायचं, टक्कन तुटते. पहिले दोन हात हलके ठेवा, तिथेच जोर लावला की पातं पट्टी सोडून पळतं आणि ओरखडा कायमचा राहतो. ५ एमएमच्या वर मी याच्या नादी लागत नाही, गोलाईला तर हा चालतच नाही.

जिगसॉनं, म्हणजे वर-खाली हलणाऱ्या पात्याच्या विजेच्या करवतीनं, सुरुवातीला फार रडवलं. फुल स्पीडला चालवायचो, पुढे कापतोय आणि मागे वितळलेला भुगा चिकटून चीर परत बंद! लाकडाचं मोठ्या दातांचं ब्लेड होतं, त्यानं कडेचे टवकेही उडायचे. आता बारीक दातांचं ब्लेड, स्पीड कमी, पेंड्युलम (पात्याची पुढे-मागे झुलण्याची हालचाल) बंद, शीटवरचा कागद तसाच ठेवायचा आणि खाली प्लायचा आधार द्यायचा, म्हणजे शीट थरथरत नाही. तडा जातो तो बहुतेक थरथरण्यानेच.

अक्षरांसाठी ट्रिमर राउटर, म्हणजे वेगानं फिरणाऱ्या बिटनं कापणारं हातातलं मशीन. याच्यासोबत दुकानदारानं दोन धारांचं लाकडाचं बिट दिलं होतं, त्यानं कापलं कमी आणि वितळवलं जास्त. सिंगल फ्लूट (एकाच धारेचं) कार्बाइड बिट लावलं आणि फरक त्याच दिवशी दिसला, सुटे सुटे कण उडायला लागले. हेच बघत राहायचं, कण सुटे पडतायत तोवर ठीक, भुगा चिकट झाला की बिट तापलंय, स्पीड उतरवा, हात एका जागी थांबवू नका.

सनबोर्डला, म्हणजे फोमसारख्या हलक्या प्लॅस्टिक शीटला, मात्र यातलं काहीच नको, १८ एमएम रुंद पात्याचा साधा कटर बास. ५ एमएमला दोन-तीन हात मारायचे आणि पात्याचं टोक बोथट झालं की तेवढा तुकडा लगेच तोडून टाकायचा, बोथट पात्यानं कड फाटते.

लेझरचं काम बाहेरून करून घेतो. कास्ट (साच्यात ओतून केलेल्या) अॅक्रिलिकची कड लेझरवर काचेसारखी चमकते, पॉलीकार्बोनेट या दुसऱ्या पारदर्शक प्लॅस्टिकची करपून तपकिरी होते. पण सनबोर्ड लेझरला अजिबात देऊ नका, ते पीव्हीसी आहे, जळताना हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो, मशीनला गंज चढतो आणि छातीलाही वाईट. एका ठिकाणी घाईत असं कटिंग चाललेलं मी बघितलंय, पोरगं विनामास्क शेजारी उभं होतं, त्याला हाताला धरून बाहेर काढलं आणि माझं काम तिथून परत आणलं.