अटल बोगद्याचा ‘परवाना’ आम्हाला साडेचार हजारांना विकला

सासूबाईंना यंदा पंचाहत्तरावं लागलं. उभ्या आयुष्यात त्यांनी बर्फ पाहिला नव्हता. म्हणून २६ जानेवारीच्या जोडसुट्टीत विमानाने चंदीगड आणि तिथून गाडीने मनाली असा बेत केला.

जाहिरात व्हॉट्सअ‍ॅपवर आली होती: ‘रोहतांग, सिस्सू, बर्फ हमखास.’ फोनवरचा माणूस छान मराठी बोलायचा, आजींच्या गुडघ्यांची चौकशी करायचा. माझा विश्वास बसला तो तिथेच. गाडी-हॉटेलची निम्मी रक्कम आगाऊ दिली. निघायच्या चार दिवस आधी पुन्हा फोन. “ताई, रोहतांग आणि अटल बोगद्याचा परवाना काढावा लागतो. कोटा संपत आलाय, दहा मिनिटांत साडेचार हजार टाका.” यूपीआयवर भलत्याच कुणाचं तरी नाव आलं. ते वाचून मी थबकले होते, आणि तरीही पिन टाकला. तासाभरात परवाना आला: राजमुद्रा, गाडीचा नंबर, आम्हा चौघांची नावं, कोपऱ्यात क्यूआर कोड.

सोलंगच्या अलीकडे पोलिसांनी गाडी अडवली तेव्हा भुरभुर बर्फ पडत होता. मी काच खाली करून कागद पुढे केला. हवालदाराने हातमोजा काढून क्यूआर कोड स्कॅन केला. काहीच उघडलं नाही. मग खाली वाकून तो शांतपणे म्हणाला, “मैडम, टनल का परमिट होता ही नहीं. और रोहतांग तो बंद है.” मागच्या सीटवर सासूबाईंनी शाल आवळून घेतली. “माझ्यापायी गेले गं पैसे,” एवढंच म्हणाल्या. साडेचार हजारांपेक्षा ते वाक्य मला जास्त लागलं.

मनालीला जाणाऱ्या प्रत्येकाने हे नीट वाचा. रोहतांगची खिंड ३,९७८ मीटर उंचीवर आहे. साधारण नोव्हेंबरच्या मध्यापासून ती बर्फाने बंद होते आणि उन्हाळ्याच्या तोंडावर उघडते. परवाना लागतो तो त्या खिंडीत गाडी नेण्यासाठी, तोही रस्ता खुला असताना. कुल्लूचं जिल्हा प्रशासन तो ऑनलाइन देतं आणि त्याचं शुल्क काही हजारांत नसतं. अटल बोगदा खिंडीच्या खालून जातो. ३ ऑक्टोबर २०२० रोजी सुरू झालेल्या या ९.०२ किलोमीटरच्या बोगद्यातून पलीकडच्या सिस्सू गावाला जायला असा कुठलाही परवाना लागत नाही. बर्फ पडल्यावर पोलीस तपासतात ते गाडी फोर बाय फोर आहे का, चाकांना साखळ्या आहेत का. आमच्या गाडीला यातलं काहीच नव्हतं. ड्रायव्हर बिचारा म्हणाला, त्याला पैसे फक्त मनालीपर्यंतचेच मिळालेत. पुढची स्थानिक गाडी आम्हीच पदरमोड करून केली.

सिस्सूला सासूबाईंनी मूठभर बर्फ उचलून कपाळाला लावला. तो क्षण तेवढा आमच्या पदरात पडला.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर मी फोन केला तो घरी परतल्यावर, म्हणजे पैसे पाठवून दहा दिवस झाल्यानंतर. तोवर खातं रिकामं झालं होतं. तुम्ही पैसे गेल्याचं कळताच, रस्त्यातूनच फोन लावा. स्क्रीनशॉट आणि व्यवहार क्रमांक जपून ठेवा.

गेल्या आठवड्यात भावजयीला एक जाहिरात आली. नाव वेगळं, नंबर वेगळा, पण नमुन्याचा परवाना तोच, कोपऱ्यातल्या त्याच क्यूआर कोडसकट.