इशापूर २ए१ रायफल: दहा महिन्यांचा वापर आणि सध्याचे भाव

गेल्या ऑगस्टमध्ये मी एक इशापूर २ए१ रायफल ऑनलाइन लिलावात घेतली. आता दहा महिने झाले. या काळात ३६० काडतुसं झाडली, तीनदा ती पूर्ण उघडून साफ केली आणि जुन्या लष्करी रायफलींचे लिलाव जवळजवळ रोज रात्री पाहिले. घेण्याआधी मला जे कुणी सांगायला हवं होतं, ते इथे लिहितो आहे.

मी ओहायोत राहतो. माझे वडील खडकीच्या अ‍ॅम्युनिशन फॅक्टरीत होते. लहानपणी घरातलं घड्याळ फॅक्टरीच्या भोंग्यावर लावलं जायचं. पुढे कॉलेजात एनसीसीत कवायतीला थ्री-नॉट-थ्री (.३०३) मिळाली, आतली पिन काढलेली, फक्त खांद्यावर वागवायची. 'बाजू शस्त्र' म्हटलं की तो चार किलोंचा भार तळहाताला कसा लागायचा, हे ज्यांनी केलंय त्यांना सांगायला नको. ती कधी झाडायला मिळाली नाही, आम्हाला गोळीबाराला .२२ देत. इथे नागरिकत्व मिळाल्यावर मी जुन्या शस्त्रांच्या संग्राहकांचा परवाना काढला आणि मनात पहिल्यापासून भारतात बनलेलीच रायफल होती.

२ए१ म्हणजे नेमकं काय, ते आधी सांगतो, कारण भारतात बहुतेक लोक हिलाही थ्री-नॉट-थ्रीच म्हणतात. १९०७ साली आलेल्या ब्रिटिश ली-एन्फिल्ड मार्क ३ ची रचना पश्चिम बंगालमधल्या इशापूरच्या कारखान्यात अनेक दशकं बनत होती. १९६२ च्या चीन युद्धानंतर रायफलींची तातडीची गरज भासली. तोवर सैन्याचं काडतूस ७.६२ नाटो झालं होतं. तेव्हा इशापूरने तीच जुनी रचना अधिक मजबूत पोलादात, ७.६२ साठी नव्याने उतरवली. ती २ए. नेम धरायच्या मागच्या पट्टीवरचा अंतराचा सर्वांत मोठा आकडा २००० वरून ८०० वर आणला, ती २ए१. ओळखायची सोपी खूण म्हणजे मॅगझिन, काडतुसं भरायची पेटी: थ्री-नॉट-थ्रीचं दहा काडतुसांचं आणि खाली गोलसर, हिचं बारा काडतुसांचं आणि चौकोनी. पोलिसांच्या जुन्या फोटोंत बारकाईने पाहिलं, तर 'थ्री-नॉट-थ्री' म्हणून छापलेल्या कितीतरी रायफली २ए१ निघतात.

माझ्या रायफलीवर अशोकस्तंभाचे सिंह आहेत, त्याखाली आर.एफ.आय. (रायफल फॅक्टरी इशापूर) आणि १९६७. स्वातंत्र्याआधीच्या इशापूर रायफलींवर मुकुट असतो. दोन्ही एकाच कारखान्याच्या, आणि मधल्या काळात देशाचं जे झालं ते त्या बोटभर जागेत कोरलेलं आहे. मला त्या सिंहांसाठी शंभर डॉलर जास्त द्यायला लागले असते तरी मी दिले असते.

पण द्यावे लागले नाहीत, कारण अमेरिकेच्या बाजारात ली-एन्फिल्ड कुळात इशापूरचा भाव सर्वांत खाली असतो. गेल्या दहा महिन्यांत मी पाहिलेल्या संपलेल्या बोलींत चांगल्या अवस्थेतली २ए१ साधारण ४०० ते ५५० डॉलरांना गेली. इशापूरचीच .३०३ तिच्याही जरा खाली. ऑस्ट्रेलियातल्या लिथगो कारखान्याची तीच रचना ६०० च्या पुढे सुरू होते आणि सगळे क्रमांक जुळत असतील तर ९०० पर्यंत जाते. दुसऱ्या महायुद्धातली ली-एन्फिल्ड नंबर ४, मग ती इंग्लंडची असो, कॅनडाच्या लाँग ब्रँचची की अमेरिकेतल्या सॅव्हेजची, ५५० ते ८५०. नंबर ४ ची अस्सल स्नायपर आवृत्ती मात्र कित्येक हजारांत जाते, तिथे माझ्यासारख्याने नुसतं पाहावं.

इतर देशांच्या रायफलींचंही तेच आहे. २०१० च्या आसपास इथल्या दुकानांत रशियन मोसिन-नागां शंभर डॉलरांच्या आत मिळायची, पिंपात उभ्या करून ठेवलेल्या असायच्या. आज तीच साडेतीनशे-चारशेला जाते. स्विस के-३१ ही शंभर-दीडशेची रायफल होती, आता साडेसहाशेला मिळाली तर नशीब समजतात. कारण सरळ आहे: माल नव्याने येत नाही. शीतयुद्ध संपल्यावर युरोपातली आणि आशियातली कोठारं रिकामी झाली, तेव्हाचा तो पूर होता. पुढे कित्येक देशांनी जुनी शस्त्रं विकण्याऐवजी वितळवली, रशियाच्या मालावर निर्बंध आले. गेल्या काही वर्षांत इथिओपियाच्या कोठारांतून मोठी खेप आली, तिच्यात ली-एन्फिल्डही होत्या, पण बहुतेकांची लाकडं फुटलेली आणि नळ्या गंजलेल्या. तरीही त्या विकल्या गेल्या, यावरून मागणीचा अंदाज यावा.

आता एक गोष्ट ठासून सांगतो. विक्रेत्याने मागितलेला भाव म्हणजे बाजारभाव नाही. सहाशेला लावलेली २ए१ मी सात महिने तशीच पडून राहिलेली पाहिली आहे. संपलेल्या बोली पाहा, त्यातही दोन माणसं जिद्दीला पेटून वर नेलेली एखादी बोली सोडून द्या, मग भाव कळतो.

माझी बोली ४२५ डॉलरांवर संपली. पाठवणीचे ४८, कर आणि कार्डाचं शुल्क मिळून ४४. म्हणजे घरात आली तेव्हा ५१७ झाले होते. बंदूक-कारागिराकडे चेंबरचं, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या जागेचं, माप तपासून घेतलं, ४० डॉलर. हा खर्च कुणीही वाचवू नये. साठ वर्षांच्या रायफलीत बोल्ट (काडतूस आत ढकलून मागून बंद करणारा भाग) मिटल्यावर काडतुसामागे किती जागा उरते, हे मोजल्याशिवाय ती झाडणं म्हणजे आपल्या डोळ्यांशी खेळ आहे. पट्टा आणि साफसफाईचं सामान ५५. काडतुसं सरासरी ८५ सेंट प्रमाणे ३०६. एकूण ९१८. म्हणून ज्याचं बजेट पाचशेचं आहे, त्याने चारशेच्या आतली रायफल शोधावी.

माझी फसगतही सांगतो. जाहिरातीत 'सगळे क्रमांक जुळतात' असं लिहिलं होतं. ली-एन्फिल्डमध्ये क्रमांक मुख्य चौकटीवर, बोल्टच्या दांड्यावर, नळीवर आणि नळीच्या पुढच्या टोकाशी असलेल्या धातूच्या टोपीवर पाहायचा असतो. फोटो अकरा होते, पण बोल्टच्या दांड्याचा एकही नव्हता आणि मी तो मागितला नाही. खोकं उघडलं तर बोल्ट दुसऱ्याच रायफलीचा. विक्रेत्याला लिहिलं, उत्तर आलं नाही. माप बरोबर निघालं हे सुदैव, नाहीतर ती रायफल भिंतीवरच राहिली असती. न जुळणाऱ्या बोल्टमुळे किंमत ७०-८० डॉलरांनी तरी उतरते, म्हणजे तेवढे मी जास्त मोजले. फोटोत जे दाखवलेलं नाही, नेमकं तेच मागून घ्या.

दुसरी गोष्ट काळ्या रंगाची. इशापूरच्या युद्धोत्तर रायफलींच्या धातूवर जाड काळा रंग असतो. पाहणाऱ्याला वाटतं कुणीतरी घरी ब्रश मारलाय. इथले हौशी लोक तो खरवडून चकचकीत निळसर पॉलिश चढवतात आणि 'पुनरुज्जीवित' म्हणून वाढीव भावाने विकतात. तो रंग कारखान्याचा आहे आणि तो घालवला की संग्राहकासाठी अर्धी किंमत गेली. तसंच मॅगझिनच्या पुढे लाकडात आरपार गेलेला स्क्रू पाहून 'लाकूड फुटलं म्हणून ठोकलाय' असं समजू नका. ती इशापूरची नेहमीची पद्धत आहे, लाकूड तडकू नये म्हणून. नळी कापून बुटकी केलेल्या २ए१ 'जंगल कार्बाइन' या नावाने फिरतात. ते काम अमेरिकेत झालेलं आहे, भारतीय लष्कराने तशी रायफल कधी वापरली नाही. घ्यायची तर खेळणं म्हणून अडीचशेला घ्या, संग्रह म्हणून नको.

वापराबद्दल. रायफल आली तेव्हा लाकडात जुनं संरक्षक ग्रीस इतकं मुरलं होतं की हाताला चिकटायचं. लाकूड वेगळं करून काळ्या पिशवीत गुंडाळलं आणि ऑगस्टच्या उन्हात चार दिवस बंद गाडीत ठेवलं. ग्रीस घामासारखं बाहेर आलं, ते रोज पुसत गेलो. मग जवसाचं तेल, एकेक पातळ हात, तळव्याने चोळून, असे सहा हात. सँडपेपर लावला नाही, कारण लाकडावरचे छोटे शिक्के त्यात पुसले जातात. आता ते लाकूड जुन्या वाड्याच्या दाराच्या रंगाचं दिसतं.

पहिल्या दिवशी १०० यार्डांवर पाच गोळ्या चार इंचांत पडल्या. पुढचे स्क्रू नीट आवळल्यावर आणि नळीखाली एका जागी टेकणारं लाकूड लक्षात आल्यावर तीन इंचांच्या जरा खाली आलो. माझ्या डोळ्यांना आणि दुर्बिणीशिवाय, नळीवरच्या उघड्या माशीने धरलेल्या नेमाला ते पुष्कळ झालं. बोल्टची चाल हाच या रचनेचा खरा आनंद आहे. तो मिटताना ताण घेतो, उघडताना नाही, त्यामुळे गाल न हलवता पुढचं काडतूस आत जातं. थ्री-नॉट-थ्रीच्या काडतुसाला मागे कड असते आणि मॅगझिन चुकीचं भरलं की कडा एकमेकींत अडकतात. ७.६२ ला ती कड नाही, म्हणून ही कटकटच संपते. धक्का दस्त्याच्या मागच्या पितळी पट्टीमुळे खांद्याला लागतो, चाळीस काडतुसांनंतर मी थांबतो.

काडतुसांच्या बाबतीत एक पथ्य पाळतो. ही रायफल ७.६२ नाटोसाठी बनली आहे. शिकारीची .३०८ काडतुसं दिसायला तशीच असली तरी मी तिच्यात घालत नाही. जुनी लष्करी काडतुसं वापरली तर त्याच दिवशी नळी गरम पाण्याने धुवून, कोरडी करून तेल लावतो, कारण त्यांच्या प्रायमरचं (बुडाशी ठिणगी पाडणाऱ्या टोपीचं) मीठ एका दमट रात्रीत गंज धरतं. खर्चाच्या दृष्टीनेही २ए१ बरी पडते: नवी .३०३ काडतुसं इथे दीड डॉलरच्या आसपास पडतात, माझ्या ७.६२ च्या जवळजवळ दुप्पट.

भारतातल्या वाचकांसाठी: .३०३ आणि ७.६२ दोन्ही तिकडे प्रतिबंधित बोअर (नळीची मापं) आहेत, सामान्य परवान्यावर मिळत नाहीत. त्याच ली-एन्फिल्ड रचनेवर बेतलेली .३१५ ची स्पोर्टिंग रायफल परवानाधारकांना घेता येते. आणि अमेरिकेत एच-१बी वर असलेल्या मित्रांनो, बिगर-स्थलांतरित व्हिसावर शस्त्र बाळगण्याचे नियम फार कडक आहेत. हौसेपोटी ग्रीन कार्ड धोक्यात घालू नका, आधी वकिलाला विचारा.

फेब्रुवारीत एका शस्त्र-प्रदर्शनात मला बोलीशिवायची एक खरेदी झाली. खोक्यातल्या सुट्या पितळी पुंगळ्यांत .३०३ ची एक होती, बुडावर 'के एफ' म्हणजे खडकी. दोन डॉलर. व्हिडिओ कॉलवर बाबांना दाखवली, तर त्यांनी आधी चष्मा मागवला, मग फोन जवळ धरायला सांगितला, आणि बराच वेळ शिक्का कसा मारला जायचा ते सांगत राहिले. रायफलीबद्दल त्यांनी फक्त एवढंच विचारलं, बोल्ट तिचाच आहे ना?

गेल्या महिन्यात क्लबातल्या एकाने रायफलीचे ५५० देऊ केले. दिली नाही. तिला साजेशी संगीन शोधतो आहे. इशापूरचा शिक्का असलेली, म्यानासकट, शंभरच्या आत कुठे दिसली तर कळवा.